लॉकरचे सेल बदलताना दार उघडंच ठेवा

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. बेडरूमच्या कपाटात बोल्ट मारून बसवलेलं डिजिटल लॉकर आहे. हल्ली कोड टाकला की हिरव्या दिव्याबरोबर पिवळाही लुकलुकतो, आणि परवा तर दुसऱ्यांदा कोड टाकल्यावर दार उघडलं. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: सेल काढले तर पासवर्ड पुसला जाईल का, भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते सेल चालतील का, आणि हे काम घरी करावं की माणूस बोलवावा. जाता जाता शेवटी त्यांनी लिहिलंय की लॉकरसोबत आलेली चावी सापडत नाहीये, "बहुतेक आतच असेल".

ताई, सगळ्या प्रश्नात मला खटकली ती ही शेवटची ओळ. घरगुती डिजिटल लॉकरचे सेल बहुतेक वेळा दाराच्या आतल्या अंगाला असतात. म्हणजे सेल पार उतरले की दार उघडत नाही, आणि दार उघडल्याशिवाय सेल बदलता येत नाहीत. या पेचातून सुटायला कंपनी चावी देते. आणि ती हरवू नये म्हणून आपण घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवतो, त्याच लॉकरमध्ये! सिडकोपासून पंचवटीपर्यंत मला लॉकर उघडायला बोलावतात त्यातल्या बऱ्याच घरांची कथा एवढीच असते. तुमचं लॉकर आज उघडतंय. तेव्हा आजच उघडा, चावी शोधून बाहेर काढा, आणि नवे सेल घालून खात्री होईपर्यंत दार लावू नका. लॉकर रिकामं करायची गरज नाही, पण दागिने तेवढे दुसऱ्या कपाटात हलवा, म्हणजे दार उघडं ठेवायला जीव धजावेल.

आता पासवर्ड. सध्या मिळणाऱ्या लॉकरांत कोड अशा मेमरीत साठवलेला असतो की वीज गेली तरी तो राहतो. सेल काढून दोन दिवस ठेवले तरी तुमचा कोड तसाच असतो. मात्र काही जुन्या, स्वस्त, बिननावाच्या नगांमध्ये सेल काढल्यावर कोड कारखान्याच्या मूळ आकड्यावर गेल्याचं मी पाहिलंय. तुमचा नग कुठल्या जातीचा, ते इथे बसून मला सांगता येणार नाही. पण दार उघडं असेल तर त्याने फरक पडत नाही. कोड गेलाच, तर तिथल्या तिथे नवा टाकता येतो. दार बंद करून मग कोड गेल्याचं कळलं, तर गोष्ट वेगळी.

सेल कुठे आहेत ते आधी पाहून घ्या. दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं झाकण असतं, एक-दोन स्क्रूवर किंवा नुसत्या खटक्यावर. त्याखाली चार पेन्सिल सेल, हा सर्रास आढळणारा प्रकार. प्रत्येक सेल दीड व्होल्टचा, चार मिळून सहा. दुसरा प्रकार सराफ बाजारातल्या पेढ्यांवर, पतसंस्थांमध्ये, जड तिजोऱ्यांवर दिसतो. त्यात बाहेरच्या गोल कीपॅडच्या पोटातच नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. कीपॅड वर सरकवला किंवा खालचं झाकण काढलं की ती हाताशी येते. या प्रकारात बॅटरी संपली तरी माणूस अडकत नाही, कारण ती बाहेरूनच बदलता येते, आणि कोड आतल्या कुलपाच्या पेटीत असतो, कीपॅडमध्ये नाही. फक्त बॅटरीची टोपी काढताना तिच्या तारांना धरून ओढू नका. टोपी बोटांनी पकडून हलवत हलवत काढा. त्या तारा बारीक असतात. ओढल्याने तुटलेल्या तारा मी बॅटरी संपण्याइतक्याच वेळा जोडल्या असतील.

तुमच्या वर्णनावरून तुमचं पहिल्या प्रकारचं दिसतंय.

आता घड्याळाचे सेल चालतील का, यावर जरा थांबतो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे. माणसं मला फोनवर सांगतात, "सेल चांगले आहेत हो, कीपॅडचे दिवे लागतात, पीप पण वाजतं, फक्त दार उघडत नाही. म्हणजे कुलूपच गेलं ना?" कुलूप सहसा गेलेलं नसतं. दिवा लावायला आणि पीप वाजवायला अगदी नगण्य करंट लागतो. पण कोड बरोबर आला की आतली एक कॉइल, तिला सोलेनॉइड म्हणतात, लोखंडी पिन मागे ओढून धरते, म्हणजे नॉब फिरायला मोकळा होतो. त्या क्षणाला करंट कित्येक पटींनी जास्त लागतो. काही लॉकरांत कॉइलऐवजी छोटी मोटर असते, तिचंही तेच. जुन्या स्कूटरचा हॉर्न वाजतो पण सेल्फ लागत नाही, तसला हा प्रकार. उतरलेल्या सेलवर हा भार पडला की व्होल्टेज एकदम बसतं, पिन अर्धवट हलते आणि परत जागेवर पडते.

हे कानाने ओळखता येतं. खोलीतला पंखा बंद करा, कान दाराजवळ न्या, कोड टाका. सेल ताजे असतील तर ठणठणीत "टक्" ऐकू येतं, आणि पाचेक सेकंदांनी पिन सुटल्याचा दुसरा आवाज. सेल थकले असतील तर पहिला आवाज दबका येतो, किंवा नुसतंच बारीक घरघरल्यासारखं होतं. कधी त्याच क्षणी सगळे दिवे विझतात आणि लॉकर पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं पुन्हा पीप करतं. तसं झालं तर कुलपाला नावं ठेवू नका, सेल पाहा. "टक्" खणखणीत येऊनही नॉब फिरत नसेल, तर मात्र दोष सेलचा नाही. बहुधा आतली फाइल किंवा दागिन्यांची पेटी दाराला रेटतेय आणि दाराचे दांडे चौकटीत आवळून बसलेत. अशा वेळी नॉब आधी बंदच्या बाजूला पूर्ण न्या, दार तळहाताने आत दाबून धरा, कोड टाका आणि "टक्" आल्यावर मगच नॉब फिरवा. घाईने आधीच नॉब पिळून धरला तर पिनेवर ताण येतो, आणि ताजे सेलही तिला ओढू शकत नाहीत.

तर आता सेल कुठले. घड्याळात, रिमोटमध्ये चालणारे स्वस्त सेल झिंक-कार्बनचे असतात. त्यांची ताकद सावकाश, थेंबथेंब करंट देण्यात असते. लॉकरला लागतो एकदम झटका. ते घातल्यावर लॉकर उघडेल, कदाचित काही महिने चालेलही, पण लवकर दगा देतात आणि गळतातही लवकर. अल्कलाइन घ्या. दुकानदाराला विचारायचीही गरज नाही, सेलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पेन्सिल सेलवर 'एलआर ६' असेल तर अल्कलाइन, नुसतं 'आर ६' असेल तर झिंक-कार्बन. चौकोनी बॅटरीवर '६ एलआर ६१' म्हणजे अल्कलाइन आणि '६ एफ २२' म्हणजे साधी. पाकिटावरची तारीखही पाहा. मेन रोडवर, शालिमारला, कुठेही मिळतील, पण टोपलीतले सुटे सेल घेऊ नका. चार चांगल्या सेलचं पाकीट दोनशे रुपयांच्या आसपास येतं. आत काय ठेवलंय ते आठवून मग या खर्चाचा विचार करा.

रिचार्जेबल सेल घालू का, असंही पुष्कळजण विचारतात. कॅमेऱ्याचे, खेळण्यांचे पडलेले असतात ना घरात. माझं उत्तर नाही. त्यांचं व्होल्टेज मुळात १.२, चार मिळून ४.८. कित्येक लॉकर भरलेल्या रिचार्जेबल सेलवरही "सेल कमी" असा दिवा दाखवतात. वर ते पडून राहिले तरी आपोआप उतरतात, आणि उतरायला लागले की बरंच व्होल्टेज शेवटच्या टप्प्यात झपकन जातं. महागडे लिथियम पेन्सिल सेल गळत नाहीत, खूप टिकतात, पण त्यांचंही व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं. म्हणजे पिवळा दिवा लागेल तेव्हा तुमच्या हातात फारसा वेळ नसतो. अल्कलाइन हळूहळू उतरतो, आधी कुरकुरतो, मग बंद पडतो. तिजोरीसाठी मला तोच स्वभाव बरा वाटतो.

चारही सेल एकाच वेळी, एकाच पाकिटातले बदला. दोन जुने आणि दोन नवे असं केलं तर जुने लवकर पार उतरतात, नवे त्यांच्यातून करंट ढकलत राहतात, आणि मग जुने गळायला लागतात. घरात मल्टिमीटर असेल तर नवा अल्कलाइन सेल दीडच्या किंचित वर दाखवेल. १.३ च्या खाली गेलेला सेल मी लॉकरमध्ये ठेवत नाही. मात्र मीटरवर बरा दिसणारा सेल भार पडल्यावर बसू शकतो, त्यामुळे मीटरपेक्षा त्या "टक्"वर माझा जास्त विश्वास. काढलेले सेल लगेच टाकू नका, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाला ते अजून बरेच दिवस पुरतील. ते तिथेही संपले की घंटागाडीत ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळे द्या, तो घरगुती घातक कचरा असतो.

आता हातातलं काम. दार उघडा, पूर्ण उघडा. झाकण काढण्याआधी मोबाईलवर एक फोटो घ्या, जुने सेल कुठल्या दिशेने बसलेत ते दिसेल असा. झाकण काढलं की त्याच्या आसपास, कधी बिजागरीच्या बाजूला एका छिद्रात, एक छोटं लाल किंवा काळं बटण दिसेल. त्याला हात लावू नका. ते कोड बदलायचं बटण आहे. चुकून दाबलं गेलं तर लॉकर पीप करून दिवा लावतं आणि नव्या कोडची वाट पाहत बसतं. त्या वेळी कीपॅडवर जे काही दाबलं जाईल तोच नवा कोड. पुसायला म्हणून फडकं फिरवलं आणि कोड बदलून बसला, अशी घरं आहेत. दाबलं गेलंच तर काहीही न दाबता दिवा विझेपर्यंत थांबा, किंवा सरळ तुमचा नेहमीचा कोड पुन्हा टाकून पक्का करा.

सेल काढा आणि सेलच्या घराकडे नीट पाहा. नाशिकचा पावसाळा इगतपुरीएवढा नसला तरी जुन्या वाड्यांच्या भिंती आणि तळमजल्यावरची कपाटं ओल धरतात, आणि लॉकर भिंतीत बोल्टने आवळलेलं असलं की मागच्या भोकांतून दमट हवा आत येते. स्प्रिंगवर पांढरी, मिठासारखी भुकटी दिसली तर अल्कलाइन सेल गळलाय. ती क्षाराची असते, बोटाने पुसून तोच हात डोळ्याला लावू नका. हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा, इअरबडच्या टोकाला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरड्या बडने, आणि पूर्ण सुकू द्या. भांडं घासल्यासारखं पाणी ओतू नका, खालीच सर्किट असतं. हिरवट गंज धरला असेल तर पॉलिश पेपरचा बारीक तुकडा स्प्रिंगवर हलकेच फिरवा. स्प्रिंग दबून बसली असेल तर ती टोकाने किंचित बाहेर ओढा. सेल नवा असूनही टेकत नाही, हे कारण शोधायला माणसं तासभर घालवतात.

नवे सेल घाला. स्प्रिंगकडे चपटी बाजू. झाकण लावताना तार चेपत नाही ना, ते पाहा.

आणि आता खरी परीक्षा, दार उघडंच ठेवून. नॉब बंदच्या दिशेने फिरवा म्हणजे दांडे बाहेर येतील, दार जणू बंद आहे असे. कोड टाका, "टक्" ऐका, नॉब फिरवा, दांडे आत गेले पाहिजेत. हे पाच-सात वेळा करा. मग इमर्जन्सी चावीनेही एकदा दांडे आत घेऊन पाहा. वर्षानुवर्षं न वापरलेली चावी ऐन वेळी फिरत नाही, किंवा ती दुसऱ्याच कपाटाची निघते. चावीचं भोक बाहेर उघडं दिसत नाही. कीपॅडच्या बाजूला, कंपनीच्या नावाच्या पट्टीखाली किंवा रबरी बुचाखाली ते लपवलेलं असतं. चावी अडखळत असेल तर भोकात ग्रॅफाइटची पूड टाका. खोबरेल तेल नको, त्याने धूळ चिकटून वर्षभरात राळ होते. एवढं सगळं जमलं, मग दार लावा. लावल्यावरही एकदा लगेच उघडून पाहा, आणि मग दागिने परत आत ठेवा.

चावी यापुढे कुठे ठेवायची? लॉकरमध्ये नाही, आणि त्याच कपाटाच्या वरच्या खणातही नाही, कारण चोर आधी तोच खण उपसतो. दोन चाव्या असतील तर बँकेच्या लॉकरमध्ये एक आणि विश्वासातल्या बहिणीकडे किंवा भावाकडे एक, ही माझ्या मते बरी वाटणी. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला कोड माहीत असायला हवा, हेही आलंच.

आता, हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं लॉकर आधीच बंद पडलं असेल आणि चावी आत असेल, तर हातोडा उचलू नका. बाहेरून वीज द्यायची सोय बऱ्याच लॉकरांना असते, पण ती माहितीपुस्तिकेच्या मधल्या पानावर लिहिलेली असल्यामुळे कुणाला माहीत नसते. कीपॅडच्या खालच्या कडेला नीट पाहा. दोन धातूचे ठिपके दिसले तर ताजी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्यांना टेकवायची, अधिक-उणे चिन्हं जुळवून, आणि ती तशीच दाबून धरून कोड टाकायचा. हे काम दोघांनी केलेलं बरं. गोल छिद्र असेल तर त्याला खोक्यात आलेली सेलची छोटी डबी लागते, ती शोधा. नव्या लॉकरांना मोबाईलसारखं मायक्रो यूएसबी किंवा टाइप-सीचं भोक असतं, त्याला पॉवर बँक जोडायची. इथे एक गंमत होते. कोड टाकेपर्यंत लॉकर इतका कमी करंट ओढतं की कित्येक पॉवर बँका "काही जोडलेलंच नाही" असं समजून आपोआप बंद होतात, आणि माणूस म्हणतो पोर्ट खराब आहे. पॉवर बँकचं बटण दाबा आणि लगेच कोड टाका, किंवा सरळ मोबाईलचा चार्जर वापरा. बारा व्होल्टचा राउटरचा अडॅप्टर कुठेही जोडू नका. त्याने सर्किट जळतं, आणि मग साध्या सेलच्या कामाला ड्रिल लागतं.

आणि कोड पुन्हा पुन्हा झोडत बसू नका. तीन-चार चुकीच्या प्रयत्नांनंतर बहुतेक लॉकर काही मिनिटं स्वतःला बंद करून घेतात. त्या काळात बरोबर कोडही चालत नाही, आणि घाबरलेला माणूस मग आठवतील ते सगळे वाढदिवस टाकून पाहतो. वीस मिनिटं तिथून उठून जा, चहा घ्या, मग या.

माणूस कधी बोलवायचा? बाहेरून वीज देऊनही काहीच हालचाल नाही, किंवा "टक्" येतंय पण दांडे सरकत नाहीत, किंवा सेलच्या घराची पट्टी गंजून तुटलीय, अशा वेळी. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. बिल आणि ओळखपत्र दाखवून मालकी सिद्ध केली की काही कंपन्या चावी किंवा मास्टर कोडची व्यवस्था करतात. थोडे दिवस लागतात, पण लॉकर शाबूत राहतं. स्थानिक माणूस बोलावलात तर तो तुमच्याकडे बिल आणि ओळखपत्र मागतो का ते पाहा. मी ते पाहिल्याशिवाय हत्यारांची पिशवी उघडत नाही. जो काहीच न विचारता पहिल्या मिनिटाला ड्रिल काढतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. भोक पाडणं हा शेवटचा उपाय आहे, आणि ते पाडल्यावर कुलूप बदलावं लागतं.

तुमचे सेल पुढे किती टिकतील हे वापरावर आहे. रोज उघडणाऱ्या दुकानातल्या लॉकरचे वर्षाच्या आत बदलावे लागतात, बोटाच्या ठशावर चालणाऱ्याचे आणखी आधी. फक्त लक्ष्मीपूजन आणि लग्नसराईला उघडणाऱ्या लॉकरचे दोन-तीन वर्षंही जातात, पण तिथेच ते गळून बसण्याचा धोका जास्त, कारण कुणी बघतच नाही. म्हणून पिवळ्या दिव्याची वाट पाहू नका. खंडेनवमीला आपण घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा करतो, त्या दिवशी लॉकरचे सेलही बदलून टाका, आणि झाकणाच्या आत चिकटपट्टीवर तारीख लिहा. दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांना मी हंगाम सुरू व्हायच्या आधी, डिसेंबरातच बदलायला सांगतो. रोकड घरात येते त्या महिन्यांत लॉकर अडून चालत नाही.

एक राहिलं. दार उघडं आहे तोवर पाहून घ्या की खरेदीच्या वेळचा कारखान्याचा कोड अजून चालू आहे का. तो बहुधा १५९ किंवा १२३४ अशा धाटणीचा असतो, पुस्तिकेत छापलेला असतो, आणि तुम्ही स्वतःचा कोड टाकला तरी काही लॉकरांत दुसरा, मास्टर कोड म्हणून तो जिवंतच राहतो. टाकून पाहा, दांडे हलले तर तोही बदला. दाराच्या आतल्या कडेला मॉडेल आणि सीरियल नंबरचं स्टिकर असेल, ते दोन्ही वहीत उतरवून ठेवा. मला सेलच्या घराचा फोटो पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पण सीरियल नंबरवर बोट ठेवून काढा.